सी ड्राइव्ह परत लाल: चरईतल्या जुन्या डेस्कटॉपची गोष्ट

"अगं, सी परत लाल झालाय."

बाबांचा हा फोन दर दोन-अडीच महिन्यांनी यायचा. सी म्हणजे कॉम्प्युटरमध्ये विंडोज राहतं तो ड्राइव्ह, आणि त्याची जागा संपत आली की त्याची निळी पट्टी लाल दिसते. मी ऐरोलीत, ते चरईत. ट्रान्स हार्बरने ठाणं गाठायला वेळ लागत नाही, म्हणून मी शनिवारी जायची, काहीतरी पुसायची, पट्टी निळी करायची, आईच्या हातचं जेवून परत यायची. हे चार वर्षं चाललं. शेवटी यंदा हात धुऊन मागे लागले, तेव्हा कळलं की "सी लाल" हा एक आजार नव्हताच. एकाच्या मागे एक असे तीन होते, आणि प्रत्येक वेळी मी वरवरचा उतारा करून घरी येत होते. ज्यांच्या घरात असाच एखादा जुना डबा आहे, त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहिते.

आधी मशीन. २०१२ च्या सुरुवातीला लॅमिंग्टन रोडवरून असेम्बल करून आणलेला पीसी: सेकंड जनरेशन आय३, एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम. हार्ड डिस्क फक्त ३२० जीबीची, कारण २०११ च्या पावसाळ्यात थायलंडमध्ये महापूर आला, तिथले हार्ड डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले आणि जगभर डिस्कचे भाव भडकले. एक टीबीचा भाव ऐकून बाबा म्हणाले, "कशाला एवढी? आपण काय सिनेमे साठवणारोत?" ती ३२० जीबी विंडोजमध्ये २९८ दिसते. यात फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. जुळवणाऱ्याने त्या २९८ चे तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे तुकडे, म्हणजे पार्टिशन, केले: सी ६०, डी १२०, उरलेलं ई. विंडोज ७ साठी ६० भरपूर होते. मग त्याच ६० मध्ये विंडोज १० येऊन बसलं, आणि खोली तीच, बिऱ्हाड मोठं अशी गत झाली.

तर पहिली पायरी सगळ्यांना माहीत असलेली, म्हणून भरभर सांगते. डिस्क क्लीनअप उघडून "क्लीन अप सिस्टिम फाइल्स" हे बटण दाबायचं; ते न दाबता नुसतं साफ केलं तर हाताला काही लागत नाही. विंडोजचं मोठं अपडेट झाल्यावर विंडोज डॉट ओल्ड नावाचं जुनं सामान मागे राहतं. ते दहा दिवसांनी आपोआप जातं, पण घाई असेल तर इथूनच काढता येतं. रिसायकल बिन रिकामी करा. हायबरनेट (मशीन बंद करताना उघडं काम डिस्कवर जपून ठेवणं) वापरत नसाल तर ते बंद करा: कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचा आणि पॉवरसीएफजी, मग जागा सोडून स्लॅश एच, मग जागा सोडून ऑफ असं इंग्रजीत टाइप करायचं. हायबरनेटची फाइल विंडोज १० मध्ये साधारण रॅमच्या ४० टक्के असते, म्हणजे आमच्याकडे दीड जीबीच्या आसपास. सिस्टिम रिस्टोअरला किती जागा वापरू द्यायची तेही ठरवता येतं. विन-एसएक्सएस नावाचं धिप्पाड फोल्डर दिसेल, त्यातलं हाताने काहीही उडवू नका. आणि रजिस्ट्री साफ करून देतो म्हणणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरच्या नादी अजिबात लागू नका, जागा त्याने वाढत नाही.

एवढं केलं की आमच्याकडे आठ-नऊ जीबी सुटायचे. विंडोज ती पट्टी लाल करतं दहा टक्क्यांपेक्षा कमी जागा उरली की, म्हणजे आमच्या सीवर सहा जीबीच्या खाली. तेव्हा मी निघताना ती निळी असायची आणि जेमतेम दोन महिने टिकायची.

मला हे चार वर्षांपूर्वीच विचारायला हवं होतं: भरतंय कशाने? पुसत बसण्याऐवजी खाणारा कोण ते बघावं. विनडिरस्टॅट नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर आहे, ते ड्राइव्हचा नकाशाच काढून देतं. जेवढी फाइल मोठी तेवढा चौकोन मोठा. मला वाटलं होतं व्हॉट्सअ‍ॅपचे सुप्रभात निघतील. निघालं भलतंच. अर्धा नकाशा एकाच रंगाच्या एकसारख्या चौकोनांनी भरलेला, प्रत्येक चौकोन शंभर एमबीचा, आणि नावं स्कॅन ००१, स्कॅन ००२ अशी.

बाबा निवृत्तीनंतर आजोबांच्या वह्या आणि गावच्या जमिनीचे जुने कागद स्कॅन करतायत. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणीतरी कधीतरी ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके), रंगीत, टिफ असं ठेवून दिलं होतं आणि फाइल जायची सीवरच्या पिक्चर्समध्ये. हिशोब करून बघा. ए४ कागद ६०० डीपीआयला साधारण ४,९६० गुणिले ७,०१६ ठिपक्यांचा होतो, प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट, म्हणजे न दाबलेल्या एका पानाला १०० एमबीहून थोडं जास्त. दहा पानं झाली की एक जीबी गेलाच. तेच पान ३०० डीपीआयला घेतलं तर चौथ्या हिश्शावर येतं, आणि जेपीजी केलं तर दोन-चार एमबीत मावतं.

मी म्हटलं, "बाबा, सगळं ३०० वर आणा."

"लाइट बिलाला चालेल. मोडीतल्या कागदाला नाही. एक फाटा पुसट आला तर नाव बदलतं."

बरोबर होतं त्यांचं. त्यामुळे तह झाला: मोडीचे आणि फाटके कागद ६०० टिफ, बाकी सगळं ३०० आणि जेपीजी. आणि मुख्य म्हणजे पिक्चर्सचा मुक्काम हलवला. पिक्चर्स फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, तिथे लोकेशन नावाचा टॅब, त्यात मूव्ह, आणि डीवर केलेलं नवं फोल्डर दाखवायचं. विंडोज आधीच्या फाइल्सही हलवू का विचारतं, हो म्हणायचं. डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्सही असेच हलवता येतात. मात्र थेट डीच्या मुळाशी नेऊ नका, आत फोल्डर करूनच न्या, नाहीतर परत मूळ जागी आणताना डोक्याला ताप होतो.

हा पहिला आजार. सीवर वीसेक जीबी मोकळे झाले आणि मी खूश. पण आता डी भरू लागला, आणि ६० जीबीचा सी पुढच्या मोठ्या अपडेटला पुन्हा कोंडणार हे दिसतच होतं. म्हटलं, भिंत पाडू, डीची थोडी जागा सीला देऊ.

इथे बहुतेकांची गाडी अडते. विंडोजमध्येच डिस्कचे तुकडे दाखवणारं डिस्क मॅनेजमेंट असतं, त्यात सीवर राइट क्लिक केलं की "एक्सटेंड व्हॉल्यूम" राखाडी दिसतं, दाबताच येत नाही. डी रिकामा करून पुसला तरी राखाडीच. याची दोन कारणं आमच्याकडे एकदम हजर होती. एक, विंडोज ७ वरून १० वर जाताना सीच्या शेपटाला ४५० एमबीचं रिकव्हरी पार्टिशन तयार झालं होतं. वाढवायची जागा सीच्या लगेच उजवीकडे, खेटून लागते. मध्ये हे बसलं की खेळ खलास. दोन, तुकड्यांची नोंद ठेवायच्या जुन्या एमबीआर पद्धतीत डी आणि ई बहुधा एका एक्सटेंडेड पार्टिशनच्या पोटात असतात. नकाशात त्याला हिरवी चौकट दिसते. डी पुसला की ती जागा हिरव्या चौकटीच्या आतच मोकळी होते, बाहेर नाही. काळी पट्टी असलेली "अनअ‍ॅलोकेटेड" जागा हवी तर ई सुद्धा रिकामा करून पुसायचा आणि मग ती हिरवी चौकटच उडवायची. म्हणजे जवळजवळ सगळी डिस्क आधी बाहेर काढा, मग भिंती पाडा. पार्टिशन सरकवणारी वेगळी सॉफ्टवेअर आहेत, ती हे सगळं डिस्कवरच करतात, पण मध्येच वीज गेली तर कपाळाला हात.

ते करण्याआधी डिस्कची नाडी बघितली हे नशीब. क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत सांगणारं सॉफ्टवेअर उघडलं तर निळ्याऐवजी पिवळं, "कॉशन". यात तीन ओळी महत्त्वाच्या: ०५ म्हणजे बदलून टाकलेले खराब सेक्टर (डिस्कवरचे साठवणीचे कप्पे), सी५ म्हणजे वाचता येत नाहीत म्हणून रांगेत ठेवलेले, आणि सी७ म्हणजे केबलवरून जाताना बिघडलेला माल. आकडे तिथे षोडशमान पद्धतीत असतात, शेवटी १ए दिसलं तर ते २६ समजायचं. आमच्याकडे ०५ आणि सी५ दोन्ही शून्याच्या वर होते. अशा डिस्कवर शंभर-शंभर जीबी इकडून तिकडे सरकवणं म्हणजे गुडघे गेलेल्या माणसाला मलंगगड चढायला लावणं. हा दुसरा आजार: जागा अपुरी होतीच, पण खालची जमीनच खचत होती. तुमच्याकडे पिवळं दिसलं तर पार्टिशनचा विचार तिथेच सोडा आणि आधी महत्त्वाच्या फाइल्स बाहेरच्या डिस्कवर उतरवा. विंडोज वगैरे नंतर.

मग एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपांवर साठवणारी डिस्क, घ्यायचं ठरलं. इथे आणखी एक प्रश्न होता, आणि तो तुम्हालाही पडेल: एवढ्या जुन्या मशीनवर पैसे घालावेत का? विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि या प्रोसेसरला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. माझं मत असं, की रोजचा बँकव्यवहार त्यावर करायचा असेल तर घालू नका. आमच्याकडे बँक आता आईच्या मोबाइलवर आहे, आणि बाबांचा स्कॅनर इतका जुना की त्याचा ड्रायव्हर या मशीनवर जीव धरून आहे, दुसरीकडे चालेल याची खात्री नाही. शिवाय एसएसडी उद्या काढून दुसऱ्या मशीनला लावता येते, पैसे पाण्यात जात नाहीत.

घेताना आकार बघा. सध्या दुकानात च्युइंगगमच्या पट्टीसारखी एम डॉट २ वाली पुढे करतात. एच६१ च्या काळातल्या बोर्डावर तिला खाच नसते. आमच्या शेजारच्या काकांनी ती ऑनलाइन मागवली आणि आता ती शोकेसमध्ये आहे. जुन्या मशीनला अडीच इंची साटा, म्हणजे केबलने जोडायची, एसएसडी हवी. एच६१ ला साटाचा वेग ३ जीबीपीएसच मिळतो, त्यामुळे खोक्यावर लिहिलेल्या वेगाच्या निम्मा पदरात पडेल. त्याने खट्टू होऊ नका. जुनी डिस्क रखडते ती तबकडीवर डोकं इकडून तिकडे हलवताना, आणि एसएसडीत हलणारं काहीच नसतं. सुरू व्हायला बाबांचा चहा होईपर्यंत लागायचा, आता खुर्ची सरकवेपर्यंत होतं. महागडं मॉडेल या बोर्डावर वाया जातं, पण बिलाशिवाय आणि वॉरंटीशिवाय घेऊ नका. अगदी किरकोळ किमतीत सोळा टीबी म्हणून विकतात ते तर निव्वळ खोटं असतं. आत लहानशी चिप आणि विंडोजला दाखवायला मोठा आकडा. मी ४८० जीबीची घेतली, विंडोजमध्ये ४४७ दिसते.

डबा उघडण्यापूर्वी प्लग काढा आणि मग पॉवर बटण एकदा दाबून धरा, आत उरलेला करंट जातो. लोखंडी चौकटीला हात लावून अंगातली स्थिर वीज सोडा. धूळ ब्लोअरने उडवताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. अडीच इंची एसएसडीला मोठ्या खणात बसवायला ब्रॅकेट मिळतो. नाही मिळाला तर चांगली दुहेरी चिकटपट्टी चालते, तिला कंप होत नसतो. एसएमपीएसमधून (वीजपुरवठ्याच्या डब्यातून) साटाची चपटी पॉवर वायर शिल्लक नसेल तर चार जाड पिनांच्या जुन्या कनेक्टरवरून करायचा अ‍ॅडॅप्टर मिळतो. त्यातला ओतीव प्लास्टिकचा स्वस्त प्रकार टाळा. आत तारा जवळ येऊन तो जळाल्याच्या तक्रारी असतात. तारा एकेक वेगळ्या दाबून बसवलेला घ्या.

जादा डेटा केबल नव्हती म्हणून मी डीव्हीडी रायटरची काढून लावली. त्याची शिक्षा लगेच मिळाली. क्लोन, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल, चाळीस टक्क्यांवर आला आणि एसएसडी गायब. परत सुरू, परत गायब. नवी कोरी एसएसडी खराब निघाली म्हणून दुकानदाराला फोन लावणार, तेवढ्यात सी७ ची ओळ बघितली. एसएसडीवर तो आकडा दर वेळी वाढत होता. दोष केबलचा! इतकी वर्षं एकाच कोनात वाकलेली, वर आपल्याकडची पावसाळी दमट हवा. खटका असलेली नवी केबल लावली आणि आकडा जागच्या जागी थांबला. तो कधीच शून्यावर येत नाही, नुसता वाढायचा थांबला की समजायचं झालं.

कोरी डिस्क लावल्यावर माय कॉम्प्युटरमध्ये काहीच दिसत नाही म्हणून घाबरू नका. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ती "नॉट इनिशियलाइज्ड" म्हणून बसलेली असते. तिथे एमबीआर की जीपीटी (तुकड्यांच्या नोंदीची नवी पद्धत) असं विचारतं. जुन्या बायॉसवर (विंडोजच्या आधी मशीन जागं करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) तिच्यावरून विंडोज सुरू करायचं असेल तर एमबीआर. दोन टीबीच्या वरची, नुसती साठवणीची डिस्क असेल तर जीपीटीच, कारण एमबीआर दोन टीबीच्या पलीकडे मोजत नाही. चुकून जुन्या, भरलेल्या डिस्कवर काही करू नका, आकार दोनदा वाचून मग बटण दाबा. आम्ही नव्याने विंडोज टाकलं नाही, स्कॅनरच्या ड्रायव्हरची सीडी केव्हाच हरवली होती. डेटा आधी बाहेर उतरवला, मग विंडोजचा क्लोन केला, एसएसडीवर सी २०० जीबी, उरलेला डी.

राहिलं होतं एक. बायॉसमध्ये साटा आयडीई या जुन्या मोडवर होता, जुळवणाऱ्याने तसाच सोडलेला. एसएसडीला एएचसीआय हा नवा मोड बरा. पण सरळ बदललं की विंडोज निळ्या पडद्यावर आपटतं. आधी एमएसकॉन्फिगमध्ये बूट टॅबवर सेफ बूट टिक करायचं, रिस्टार्ट करून बायॉसमध्ये एएचसीआय करायचं, विंडोज सेफ मोडमध्ये एकदा उठू द्यायचं, मग टिक काढून पुन्हा रिस्टार्ट. झालं. बूटच्या क्रमात एसएसडी पहिली ठेवली. जुनी डिस्क काढणार होते, पण बाबा म्हणाले, "चालू आहे ना? मग असू दे की, एक कॉपी जास्त." मीही म्हटलं, महिनाभर आधाराला असू दे. त्यावरचं जुनं विंडोजही तसंच ठेवलं. चूक माझी.

दोन दिवसांनी फोन. "अगं, सी परत लाल झालाय. आणि काल स्कॅन केलेली अकरा पानं गेली!"

२०० जीबीचा सी दोन दिवसांत भरणं शक्यच नाही. मी फोनवर सीवर एकूण किती लिहिलंय ते विचारलं. साठ. म्हणजे बाबा जुन्या डिस्कवरच्या जुन्या विंडोजमध्ये बसले होते. पानं गेली नव्हती, एसएसडीवरच्या डीवर होती, फक्त या विंडोजमध्ये तो डी नव्हे, जी नावाने दिसत होता. मी गेले, बायॉसमध्ये क्रम नीट केला, चार वेळा रिस्टार्ट करून बघितलं, छान. तीन दिवसांनी पुन्हा तेच.

शेवटी त्यांच्या शेजारी बसून म्हटलं, रोज जसं सुरू करता तसं करा, मी बोलत नाही. बाबांनी भिंतीवरचं बटण चालू केलं. रोज रात्री ते भिंतीवरूनच बंद करतात, टीव्हीपासून गिझरपर्यंत सगळं. काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी आल्या आणि मी वाचायच्या आत त्यांनी एफ२ दाबलं.

"हे काय होतं?"

"ते येतंच. एफ१ दाबलं की निळं पान उघडतं, एफ२ दाबलं की चालू होतं. म्हणून एफ२."

"कधीपासून येतंय?"

"झाली दोन-तीन वर्षं."

एफ२ म्हणजे मूळ सेटिंग लावून पुढे जा. हा तिसरा आजार: मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी, सीआर२०३२, केव्हाच संपली होती. भिंतीवरून वीज तुटली की बायॉस सगळं विसरायचा: तारीख मागे, साटा परत आयडीई, बूटला पहिला मान पहिल्या पोर्टवरच्या जुन्या डिस्कला. एकच डिस्क होती तोवर या विसरण्याने काही बिघडत नव्हतं, म्हणून कोणाला कळलं नाही. मी मात्र नुसतं रिस्टार्ट करून तपासत होते, वीज तोडून एकदाही नाही. बँकेची साइट उघडताना "तुमचं घड्याळ मागे आहे" असं अधूनमधून येतं हे आई मागे म्हणाली होती. तेव्हा मी कौतुकाने हसले होते.

जांभळी नाक्यावर घड्याळवाल्याकडून बॅटरी आणली. बसवताना अधिकची खूण असलेली बाजू वर. प्लग काढून ठेवलेला असताना खाचेतली पत्र्याची पट्टी नखाने बाजूला केली की जुनी उडून येते. मग तारीख, एएचसीआय आणि क्रम पुन्हा लावले, आणि एसएसडीची केबल पहिल्या पोर्टवर हलवली, म्हणजे बायॉस उद्या पुन्हा विसरला तरी पहिली तीच सापडेल. जुनी डिस्क काढून, टॉवेलात गुंडाळून, कपाटात. बाबांची जादा कॉपी आता बाहेरच्या डिस्कवर असते, महिन्यातून एकदा जोडायची आणि काढून ठेवायची.

मग भिंतीवरचं बटण बंद करून आम्ही अर्धा तास चहा प्यायलो, चालू केलं, काळ्या ओळी आल्या नाहीत. बाबांचं बोट तरीही एफ२ वर होतं. बॅटरी बदलल्याची तारीख त्यांनी डब्याच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवलीये, आणि तिच्याखाली माझा मोबाइल नंबर.